आजोबांची बंदूक घरात आहे, पुढे काय करावे? वडिलोपार्जित शिकारी शस्त्राचा ताबा, परवाना आणि जतन

सिंधुदुर्ग, रत्नागिरी, गोवा आणि घाटमाथ्यावरच्या अनेक जुन्या घरांत आजही एखादी ठासणीची किंवा बारा बोअरची बंदूक असते. पूर्वी तिच्यावर गावाची पारध होत असे, पुढे शेतातील रानडुकरे आणि केडली (माकडे) हाकण्यासाठी तिचा आवाज उपयोगी पडू लागला, आणि आता बहुतेक घरांत ती केवळ खंडेनवमीला बाहेर निघते, पुसली जाते आणि हळदकुंकू लावून परत ठेवली जाते. घरातील परवानाधारक हयात असेपर्यंत या व्यवस्थेत काही अडचण येत नाही. तो निवर्तल्यावर मात्र घर आणि जमीन वारसांच्या नावावर करण्याची धावपळ सुरू होते आणि बंदुकीचा विचार सर्वांत शेवटी, कधी कधी वर्षा-दोन वर्षांनी, होतो. इथेच मोठी चूक घडते. बंदूक मालमत्ता म्हणून वारसांकडे येते, परंतु परवाना येत नाही. तो एका व्यक्तीला दिलेला असतो आणि त्या व्यक्तीबरोबर संपतो. त्यामुळे बाराव्याच्या दिवशी भिंतीवर टांगलेली तीच बंदूक, कोणी हात लावला नसला तरी, शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार विनापरवाना शस्त्र ठरू शकते आणि त्यासाठी कारावासाची तरतूद आहे.

आधी ती भरलेली आहे असेच धरावे

कागदपत्रांच्या आधी सुरक्षिततेकडे पाहिले पाहिजे, आणि या बाबतीत ठासणीच्या बंदुकीबद्दल थोडे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. काडतुसाची बंदूक बिजागरीवर उघडून पाहिली की काडतूस बसते ती कोठी रिकामी आहे की नाही हे लगेच दिसते. ठासणीच्या बंदुकीत दारू, बोळा आणि छर्रे तोंडाकडून ठासलेले असतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. डुक्कर आलेच नाही म्हणून रात्री भरलेला बार तसाच राहिला, सकाळी बंदूक खुंटीवर गेली आणि पुढची तीस वर्षे ती तशीच राहिली, असे घडणे मुळीच अशक्य नाही. सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू कोरडी राहिल्यास कित्येक दशकांनंतरही पेट घेऊ शकते. म्हणून लहान मुलांच्या हातात ‘जुनी आहे, चालत नाही’ असे म्हणून अशी बंदूक कधीही देऊ नये.

तपासणीची एक साधी पद्धत जुन्या जाणत्यांना ठाऊक असते. बंदूक आडवी ठेवावी, तिचे तोंड कोणाच्याही दिशेने नाही आणि आपणही त्याच्या समोर नाही याची खात्री करावी आणि बाजूला उभे राहून लाकडी किंवा पितळी गज अलगद नळीत सरकवावा. गज जिथे अडेल तिथे नळीच्या तोंडाशी त्यावर खूण करावी, मग गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावून पाहावा. त्याचे टोक घोड्याखाली केप (बार पेटवणारी छोटी टोपी) बसते त्या जागेपर्यंत पोहोचले तर नळी रिकामी समजावी. ते चार बोटे किंवा वीतभर आधीच थांबले तर आत बार आहे, किंवा निदान काहीतरी अडकले आहे, असे मानावे. असा बार स्वतः काढण्याचा, गज ठोकण्याचा, नळी तापवण्याचा किंवा ‘एकदा उडवून टाकू’ असा विचार करू नये. केप बसवलेली दिसली किंवा घोडा चढवलेला असला तर ही तपासणीसुद्धा करू नये. खोलीला कुलूप लावावे आणि पोलीस ठाण्यात तशी स्पष्ट माहिती द्यावी, म्हणजे परवानाधारक बंदूक-कारागिरामार्फत ती रिकामी करून घेता येईल.

विनाविलंब जमा करणे

शस्त्र अधिनियमाचे कलम २१ सांगते की, कोणत्याही कारणाने शस्त्राचा ताबा कायदेशीर राहिला नाही तर ते अनावश्यक विलंब न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावे. आधी ठाण्यात लेखी कळवावे, त्या अर्जाची पोच घ्यावी आणि मगच बंदूक घराबाहेर काढावी. मूळ परवाना आणि मृत्यूचा दाखला सोबत ठेवावा. माझे मत असे की, परवडत असेल तर सुरक्षित ठेवीचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे ती ठेवणे अधिक चांगले. त्याला भाडे द्यावे लागते, पण तेथे शस्त्राची देखभाल होते. ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत ती पावसाळाभर इतर वस्तूंबरोबर पडून राहण्याचा धोका असतो आणि कोकणातल्या एका पावसाळ्यात नळीला किती गंज चढतो हे सांगायला नको.

जमा करण्यापूर्वी नळीला आतून-बाहेरून तेलाचा पातळ हात द्यावा आणि सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत. पावतीवर केवळ ‘एक जुनी बंदूक’ एवढेच लिहून घेऊ नये. बंदुकीचा प्रकार, एकनळी की दुनळी, बोअर, निर्मात्याचे नाव, क्रमांक, नळीची लांबी, दस्त्यावरील तडे किंवा दुरुस्ती, आणि सोबतच्या काडतुसांची संख्या हे सर्व पावतीत यायला हवे. काडतुसे विसरू नयेत. कपाटाच्या तळाशी सापडलेली चार फुगलेली कागदी काडतुसेसुद्धा कायद्याच्या दृष्टीने दारूगोळा आहेत आणि तीही जमा करावी लागतात.

परवाना कोणाच्या नावावर

वारसांनी आधी आपसात ठरवावे, कारण परवाना देणारे कार्यालय घरातील वाद सोडवत नाही. शस्त्र नियम, २०१६ मध्ये मृत परवानाधारकाच्या कायदेशीर वारसाला परवाना देण्याची वेगळी तरतूद आहे आणि त्यासाठी इतर वारसांची हरकत नसल्याचे प्रतिज्ञापत्र लागते. बहिणींची संमती गृहीत धरण्याची सवय इथेही दिसते; ती चुकीची आहे, आणि मुलगीही तितक्याच हक्काने अर्ज करू शकते. एखादा भाऊ परदेशी असेल तर त्याचे संमतीपत्र तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून मागवावे. या एका कागदासाठी प्रकरणे महिनोन्‌महिने अडतात.

अर्ज जिल्ह्यात जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या संबंधित शाखेत, आणि पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्तांकडे करावा लागतो. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे हवे. मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, शस्त्र जमा केल्याची पावती, ओळखीचे व रहिवासाचे पुरावे, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि शेती संरक्षणाचे कारण असल्यास सात-बाराचा उतारा ही कागदपत्रे तयार ठेवावीत. त्यानंतर पोलिसांचा चौकशी अहवाल मागवला जातो. वडिलांच्या परवान्याची नोंद शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय माहितीकोशात होऊन त्याला विशिष्ट ओळख क्रमांक मिळाला होता का, हे आधीच पाहावे. जुन्या पुस्तकी परवान्यांपैकी काहींची ही नोंद राहून गेलेली असते.

दोन गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्यात. पहिली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनपेक्षा अधिक अग्निशस्त्रे बाळगता येत नाहीत आणि वारसाहक्काने मिळणाऱ्या शस्त्रांनाही हीच मर्यादा लागू आहे. त्यामुळे ज्याच्याकडे आधीच दोन आहेत त्याच्याऐवजी दुसऱ्या भावंडाने अर्ज करणे शहाणपणाचे. दुसरी, आपले गाव एखाद्या अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत असेल, जसे राधानगरी किंवा कोयनेच्या परिसरातील कित्येक गावे आहेत, तर वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३४ नुसार नव्या परवान्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसहमती लागते. हे आधी माहीत असले तर विलंबाचे कारण कळते आणि पाठपुरावा योग्य कार्यालयात करता येतो.

परवाना नाकारला गेल्यास त्याची कारणे लेखी मागावीत. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून नकार देता येत नाही, असे कायदाच सांगतो. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या निर्णयाविरुद्ध विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते. घरात कोणालाच बंदूक ठेवायची नसेल तर ती परवानाधारकाला किंवा विक्रेत्याला विकता येते. काहींना वाटते की कर्नाटकातील कोडगूमध्ये कोडवा कुटुंबांना परवान्यातून सूट आहे, तशी ती आपल्यालाही पारंपरिक शस्त्र म्हणून मिळेल. तसे नाही, ती सूट त्या प्रदेशासाठी आणि त्या समाजासाठी स्वतंत्र अधिसूचनेने दिलेली आहे. जी बंदूक दुरुस्त करूनही चालू शकणार नाही अशी केवळ पुराणवस्तू उरली आहे, तिच्यासाठी कलम ४५ मध्ये सवलत आहे, पण बंदूक तशी आहे की नाही हे आपण घरी बसून ठरवू नये. तज्ज्ञाचे लेखी मत घ्यावे.

हातात आलेली वस्तू नेमकी काय आहे

परवाना मिळून बंदूक घरी आली की तिची ओळख करून घ्यावी. बारा बोअर म्हणजे नळीच्या मापाच्या बारा शिसाच्या गोळ्यांचे वजन एक पौंड भरते. हा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर येतो. इंग्रजी बनावटीची दुनळी असेल तर नळ्या दस्त्यापासून सोडवून खालच्या सपाट बाजूवर पाहावे. बर्मिंगहॅम किंवा लंडन येथील चाचणीगृहाचे शिक्के तेथे असतात आणि नळी कोणत्या दारूसाठी तपासली होती हे त्यांवरून जाणकाराला कळते. नळीवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसत असेल तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून जोडलेली नळी असण्याची शक्यता मोठी. अशा नळ्या प्रामुख्याने काळ्या दारूच्या काळातील आहेत आणि आजच्या धूरविरहित दारूच्या काडतुसाचा दाब त्यांना झेपेलच असे नाही.

आणखी एक धोका सहज लक्षात येत नाही. अनेक जुन्या इंग्रजी बंदुकांची कोठी ६५ मिलिमीटर काडतुसासाठी घडवलेली असते. ७० मिलिमीटरचे काडतूस तिच्यात अगदी व्यवस्थित बसते, कारण काडतुसाची लांबी त्याचे तोंड उलगडल्यानंतरची मोजलेली असते. बार उडताना ते तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि नळीतला दाब धोकादायक वाढतो. म्हणून ‘बसले म्हणजे चालते’ हा नियम इथे लावू नये. कारागिराने मोजमाप करून लेखी दिल्याशिवाय जुन्या बंदुकीत काडतूस घालू नये. नळी कापून लहान करणे किंवा क्रमांक खरवडणे हे तर गुन्हेच आहेत.

जतन

नळीत काळ्या दारूचा थर राहिला असेल तर तो हवेतील ओलावा ओढून घेतो आणि आतून गंज धरतो. नुसत्या तेलाने हा थर निघत नाही. आधी कोमट पाण्याने धुवावे, सुती चिंधीने पूर्ण कोरडे करावे आणि नंतरच बंदुकीचे तेल लावावे. खोबरेल तेल अजिबात वापरू नये. ते काही महिन्यांत चिकट होते आणि घोड्याच्या यंत्रणेत साचते. दस्त्याच्या अक्रोडी लाकडाला जवसाच्या तेलाचे काही थेंब तळहाताने चोळणे पुरेसे असते. ब्रासो, पॉलिश कागद किंवा चिंच लावून धातू चकचकीत करण्याचा मोह कृपा करून टाळावा. जुना तपकिरी-निळा रंग आणि बारीक कोरीवकाम एकदा घासून गेले की परत येत नाही.

बंदूक कातडी पिशवीत कायमची ठेवू नये, कारण कातडे ओलावा धरून ठेवते. कुलूपबंद पोलादी कपाटात ती नळीचे तोंड खाली करून ठेवावी, म्हणजे जास्तीचे तेल दस्त्याच्या लाकडात मुरून ते मऊ पडत नाही. ओलावा शोषणाऱ्या खड्यांच्या पुड्या ठेवाव्यात आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पाहणी करावी. काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत. पूजेसाठी बंदूक काढली तर हळदकुंकू कपाळी लावल्यासारखे फक्त दस्त्यावर लावावे आणि संध्याकाळी पुसून घ्यावे, कारण कुंकवातील ओल धातूवर डाग पाडते.

शिकारीबद्दल स्पष्ट सांगणे भाग आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू झाल्यापासून शिकारीवर बंधने आली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना घेऊन करायची शिकारही संपली. शेती संरक्षणाचा परवाना बंदूक बाळगण्याचा अधिकार देतो, प्राणी मारण्याचा नाही. त्रासदायक रानडुकरासाठीही वन विभागाची वेगळी परवानगी लागते. बंदुकीबरोबर सांबराची शिंगे किंवा बिबट्याचे कातडे वारशाने आले असेल आणि त्याचे मालकी प्रमाणपत्र असेल, तर ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे त्याची माहिती द्यावी लागते.

निवडणुकीच्या काळात शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात. सरसकट सर्वांकडून शस्त्रे काढून घेण्याऐवजी छाननी समितीने प्रत्येक प्रकरण पाहावे, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने घेतली आहे. त्यामुळे ऐन पिकाच्या हंगामात खरी गरज असल्यास तसा अर्ज अवश्य करावा.

घरातील वडीलधारे हयात असतील तर

ज्यांच्या घरी आजोबा किंवा वडील अजून हयात आहेत त्यांना वरील बराचसा त्रास टाळता येतो. परवानाधारकाने सत्तर वर्षे पूर्ण केली किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा तो आपल्या पसंतीच्या वारसाच्या नावाने परवाना देण्याची विनंती स्वतःच करू शकतो. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मिळवायला वेळ लागतो, म्हणून ते वारसाने आधीच घेऊन ठेवावे. अर्जाची कागदपत्रे गोळा करतानाच त्यांच्याशेजारी बसून एक वही भरावी: बंदूक घरात कोणत्या साली आणि कोणाकडून आली, दस्त्यावरची तांब्याची पट्टी कोणत्या लोहाराने बसवली, पारधीत हाका कोणत्या रानात पडायचा, वाटे कसे होत आणि शेवटचा बार कधी काढला. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना नक्की आठवत नसेल, तर त्याच दिवशी गज घालून नळी तपासून घ्यावी.