विमान पाडल्याची बातमी कशी तपासावी

परक्या देशातल्या यादवी युद्धात एखादं विमान पडलं की लगेच दोन राजधान्यांतून दोन उलट निवेदनं येतात. कुणाची बाजू खरी हे ठरवण्याआधी दोन्हींतले आकडे कागदावर उतरवून घ्या. नमुन्याला 24 नोव्हेंबर 2015 घेऊ. त्या दिवशी तुर्कीच्या एफ-16 लढाऊ विमानाने सीरियाच्या सीमेवर रशियाचं सू-24 हे बॉम्बफेकी विमान पाडलं. ते आपल्या हद्दीत घुसलं होतं, असं तुर्कीचं म्हणणं; हद्द ओलांडलीच नाही, असं रशियाचं.

आधी घड्याळ. तुर्कीने संयुक्त राष्ट्रांना पत्राने कळवलेली घुसखोरीची स्थानिक वेळ 9:24:05, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ 7:24:05. भारतात तेव्हा दुपारचे 12:54. सगळ्या वेळा एकाच प्रमाणात आणल्या नाहीत, तर एकच घटना तीन वेगळ्या घटनांसारखी दिसते.

मग वेगाचं गणित. हे अजिबात टाळू नका. तुर्कीच्या पत्रात घुसखोरीची लांबी 1.15 मैल आणि काळ 17 सेकंद होता. सागरी मैल धरला तर अंतर 2.13 किलोमीटर, वेग ताशी साधारण 450 किलोमीटर. जमिनीवरचा मैल धरला तर ताशी 390. लढाऊ जेटला हा वेग फारच कमी. ताशी 900 धरला, तर 17 सेकंदांत सव्वाचार किलोमीटर कापले जातात. म्हणजे अंतर आणि काळ यांचा मेळ बसत नाही. पण म्हणून हद्द ओलांडलीच नाही, हा रशियाचा दावा आपोआप सिद्ध होत नाही. इथेच बहुतेक जण घसरतात.

‘इशारा दिला’ आणि ‘इशारा पोहोचला’ यांसाठी दोन रकाने ठेवा. पाच मिनिटांत दहा इशारे दिले, असं तुर्की म्हणाला. पाडलेल्या विमानातून बचावलेला नॅव्हिगेटर (दिशादर्शक) कॉन्स्टंटिन मुराख्तिन म्हणाला, एकही आला नाही. दोघंही खरं बोलत असू शकतात. आणीबाणीच्या वारंवारता दोन आहेत, 121.5 आणि 243 मेगाहर्ट्झ. समोरचा ती वारंवारता ऐकतच नसेल, तर दिलेला इशारा हवेतच राहतो.

अवशेष सीरियात पडले, यावरून मारा कुठे झाला ते ठरत नाही. 19,000 फुटांवरून कोसळणारं विमान काही किलोमीटर पुढे जातं.

पॅराशूटने उतरताना त्याच विमानाचा वैमानिक ओलेग पेश्कोव्ह जमिनीवरून झालेल्या गोळीबारात मारला गेला. ही नोंद सीमेच्या वादात मिसळू नका. हद्द कुणीही मोडलेली असो, संकटातल्या विमानातून उडी घेतलेल्या माणसावर गोळी झाडायला जिनिव्हा करारांच्या पहिल्या पूरक करारातलं कलम 42 मनाई करतं.

शेवटी दोस्तांची परीक्षा. तुर्की नाटो या लष्करी आघाडीचा सदस्य आहे. ‘नाटोची तातडीची बैठक’ वाचून युद्ध आलं असं समजू नका. नाटोच्या कराराचं कोणतं कलम पुकारलंय ते बघा. कलम 4 म्हणजे सल्लामसलत, कलम 5 म्हणजे एकावर हल्ला तो सर्वांवर हल्ला. फेब्रुवारी 2020मध्ये सीरियातल्या इदलिबला 30हून जास्त तुर्की सैनिक मारले गेले, तेव्हा तुर्कीने कलम 4च मागितलं. मेले ते सीरियाच्या भूमीवर, आणि कलम 5 कुठे लागू होतं याची हद्द कलम 6 आखून देतं.