आडवाटेचे सिनेमे मित्रांच्या गळ्यात कसे मारावेत

सगळ्यात आधी, ग्रुपवर लिंक टाकणं बंद करा. ग्रुपवर टाकलेली लिंक कोणाचीच नसते, वर दोन अंगठे येतात, खाली कोणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकतं आणि सिनेमा गेला वाहून. आपल्याकडे कोकणात तर एकेकाचे पाच-पाच ग्रुप, वाडीचा वेगळा, दहावीच्या बॅचचा वेगळा, क्रिकेट टीमचा, मंडळाचा, आणि त्यातले अर्धे मुंबईत, एखादा गल्फमध्ये, एखादा बोटीवर. तर एकाच माणसाला पाठवा, पर्सनलवर, आणि त्यालाच का पाठवताय ते सोबत लिहा.

लिहिताना गोष्ट सांगत बसू नका. समोरच्याला गोष्टीपेक्षा दुसऱ्याच गोष्टी हव्या असतात, किती वेळाचा आहे, भाषा कुठली, सबटायटल आहेत का, आई-बाबा माजघरात बसलेले असताना टीव्हीवर लावला तर चालेल का, आणि सुरुवात रटाळ असेल तर कुठपर्यंत कळ काढायची. माझा मेसेज साधारण असा असतो: "सात मिनिटांचा आहे. १९६८ सालचा, सरकारी पैशातून केलेला, बघितल्यावर यावर विश्वास बसणार नाही. डायलॉग नाहीत त्यामुळे भाषेचं टेन्शन नाही. हेडफोन लाव, मोठ्याने लावलास तर घरचे विचारतील काय चाललंय." हा प्रमोद पतींचा 'एक्सप्लोरर'. धडाधड बदलणारी चित्रं, कानात घुमणारा आवाज, डोकं भणभणतं. उत्तर आलं, "मेल्या, ह्यां काय धाडलंस?" आणि पाच मिनिटांनी, "अजून आसा काय?" झालं की मग काम.

सुरुवात अशाच छोट्या गोष्टींनी करायची आणि त्यासाठी फिल्म्स डिव्हिजनसारखी दुसरी खाण नाही. १९४८ साली सरकारने सुरू केलेली संस्था, थिएटरात मेन पिक्चरच्या आधी जी माहितीपट नावाची शिक्षा असायची ती यांचीच, म्हणून आपल्या वडिलांच्या पिढीला नाव काढलं तरी जांभई येते. पण साठच्या दशकाच्या शेवटी तिथे काही अवलिये घुसले होते. एस. एन. एस. शास्त्रींचा १९६७ चा 'आय अ‍ॅम ट्वेंटी' बघा, स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेली पोरं विशीत आल्यावर देशभर फिरून त्यांना विचारलंय तुमचं काय म्हणणं आहे, वीसेक मिनिटांचा आहे, आणि त्यातली काही उत्तरं आज कॉलेजच्या कट्ट्यावर ऐकल्यासारखी वाटतात. पतींनीच १९७२ मध्ये आबिद सुरती या चित्रकारावर 'आबिद' केला, त्यात जिवंत माणसालाच कार्टूनसारखा एकेक फ्रेम करून हलवलाय. २०२२ मध्ये ही संस्था एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाली, पण जुन्या फिल्म्स यूट्यूबवर अधिकृत चॅनेलवर भरपूर आहेत, फुकट. सर्च इंग्रजीत नावाचं स्पेलिंग टाकून करा, मराठीत टाकलं तर भलतंच काहीतरी येतं.

मग माणूस बघून सिनेमा. ज्याने 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' बघून स्टेटस ठेवला होता त्याला फैझा अहमद खान यांची 'सुपरमेन ऑफ मालेगाव' ही मूळ डॉक्युमेंटरी सुचवा, पडद्यावर हिरो नसून खरा मालेगावचा सुपरमॅन आहे, यंत्रमागावर काम करणारा किडकिडीत शफीक. हॉररवाल्याला जॉर्ज रोमेरोचा १९६८ चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड', ब्लॅक अँड व्हाइट, एका घरात अडकलेली माणसं आणि बाहेर मुडदे, पावसाळ्यात लाईट गेलेल्या रात्री मोबाईलवर बघण्याचा प्रकार आहे. आणि ज्याच्या घरात दशावताराचं वेड आहे त्याला फाळक्यांचा १९१९ चा 'कालिया मर्दन'. हा मी सगळ्यात जास्त लोकांना पाठवतो. मूकपट आहे, बाळकृष्ण झालीय फाळक्यांचीच मुलगी मंदाकिनी, आणि सुरुवातीला ती मुलगी नुसती चेहऱ्याचे हावभाव करून दाखवते, राग, हसू, रडू, तेवढंच कोणाही म्हाताऱ्या माणसाला दाखवा. रात्रभर दशावतार बघणाऱ्यांना ट्रिक सीन काय असतो ते समजवावं लागत नाही, ते थेट विचारतात नाग कशाचा केला असेल.

कमल स्वरूप यांचा 'ओम दर-ब-दर' मात्र पहिल्या झटक्यात पाठवू नका. १९८८ सालचा, थिएटरात रीतसर लागला २०१४ ला, मधली सगळी वर्षं सिनेमावेड्यांनी तो कॉपीवर कॉपी काढून एकमेकांना दाखवत जिवंत ठेवला. कल्ट म्हणतात तो हाच. पण नवख्याला तो पाठवणं म्हणजे बाहेरच्या पाहुण्याला पहिल्याच जेवणात तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं वाढणं, पुढच्या वेळी तो जेवायलाच येत नाही.

आता कायद्याचं. आपल्याकडे सिनेमावरचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे फाळके वगैरे मंडळी मोकळी आहेत. रोमेरोच्या सिनेमाची भानगड मजेशीर आहे, वितरकाने ऐनवेळी नाव बदललं आणि नवीन टायटल टाकताना कॉपीराइटची ओळ राहूनच गेली, तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात ओळ नाही तर हक्क नाही, सिनेमा त्याच दिवशी सगळ्यांचा झाला. असले मोकळे सिनेमे इंटरनेट अर्काइव्ह नावाच्या फुकट साइटवर मिळतात, डाउनलोड करा, पाठवा, काही प्रॉब्लेम नाही. मात्र एक लक्षात ठेवा, मूकपटाच्या नव्या कॉपीला लावलेलं संगीत हल्लीचं असू शकतं आणि त्याचा हक्क वेगळा असतो.

टेलिग्रामवर फिरणारी नवी डॉक्युमेंटरी मात्र पुढे ढकलू नका. मोठ्या स्टारच्या पिक्चरचं काय बिघडतं हा वाद वेगळा घालू, पण डॉक्युमेंटरीवाला बहुतेक वेळा स्वतःच्या खिशातून खर्च करून बसलेला असतो. सरळ त्याला मेल टाका. "आम्ही चार मित्र आहोत, अमुक गावात राहतो, तुमची फिल्म इथे कुठेच बघायला मिळत नाही" एवढं लिहिलं तरी बरेच जण पासवर्डवाली लिंक पाठवतात, काही थोडे पैसे सांगतात, ते द्या. तो पासवर्ड पाचव्या माणसाला द्यायचा नाही. आनंद पटवर्धनांसारख्या डॉक्युमेंटरीवाल्यांनी तर स्वतःच्या काही फिल्म्स यूट्यूबवर ठेवल्यात, तिथलीच लिंक पाठवा.

खरी मारामारी पुढे आहे, रेंजची. तालुक्याला फायबर आलंय पण घाटी उतरून वाडीत गेलं की एकच दांडी, तीही विहिरीजवळ उभं राहिलं तर. अशा माणसाला लिंक पाठवणं म्हणजे छळ. फाइल पाठवा, आणि बारीक करून पाठवा. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ४८० पीचा तयार प्रीसेट निवडा, एमपीफोर काढा, तासाभराची फिल्म साधारण तीन-चारशे एमबीत बसते आणि फोनच्या स्क्रीनवर काही फरक कळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून टाकू नका, तो दाबून पार चोथा करतो, डॉक्युमेंट म्हणून टाका, दोन जीबीपर्यंत जातं. गणपतीत किंवा शिमग्याला येणाऱ्या चाकरमान्याच्या हाती पेनड्राइव्ह धाडायचा असेल तर तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, फॅट३२ असला तर चार जीबीच्या वरची फाइल घेतच नाही आणि लोकांना वाटतं पेनड्राइव्ह खराब. तरीही आधी विचारून घ्या टीव्ही कुठला आहे, जुन्या टीव्हीला एमकेव्ही प्रकारची व्हिडिओ फाइल चालत नाही, कधी चित्र दिसतं आणि आवाज गायब.

सबटायटलची फाइल वेगळी असेल तर तिचं नाव आणि सिनेमाच्या फाइलचं नाव अक्षर न अक्षर सारखं ठेवायचं, फक्त शेवटचं एसआरटी वेगळं, मग प्लेअर आपोआप उचलतो. ओळी पुढे-मागे पळत असतील तर कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेअरमध्ये कीबोर्डची जी आणि एच ही दोन बटणं आहेत, एकाने मागे, दुसऱ्याने पुढे, थोडं थोडं सरकतं, कोणाचे तरी ओठ हलताना बघत जुळवायचं. तुम्ही स्वतः मराठी सबटायटल केलीत (करा, दहा मिनिटांच्या फिल्मला एक रविवार पुरतो) तर फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ निवडा नाहीतर सगळे प्रश्नचिन्हं दिसतात. काही टीव्ही देवनागरीचे नुसते चौकोन दाखवतात, तिथे हँडब्रेकमध्येच सबटायटल चित्रावर कायमची छापून टाकायची, तो बर्न-इन ऑप्शन त्यासाठीच आहे.

लांब लांब असून एकाच वेळी एकत्र बघायचं असेल तर सिंकप्ले नावाचं सॉफ्टवेअर वापरा. ते सिनेमा पाठवतच नाही, फाइल प्रत्येकाकडे आधीच असावी लागते, ते फक्त कोण कितव्या सेकंदावर आहे तेवढं एकमेकांना कळवतं, म्हणजे एकाने पॉज केलं की सगळ्यांचं पॉज, आणि डेटा जवळजवळ लागतच नाही. कोकणासाठीच बनवल्यासारखं आहे. रात्री नऊ ठरवलंत तर फाइल आदल्या दिवशीच पोचल्यात का बघा. फोनवालेच असतील तर व्हॉइस कॉल लावून "तीन, दोन, एक, प्ले" करायचं, जरा अडाणी आहे पण चालतं. स्क्रीन शेअर करून ओटीटीवरचं दाखवायला जाल तर समोर काळा पडदा दिसतो, ते कॉपी होऊ नये म्हणून लावलेल्या लॉकमुळे, तुमचा फोन बिघडलेला नाही. आणि जूनमध्ये कुठलाही बेत करताना लाईट जाणार हे धरूनच चाला. एकाची लाईट गेली तर बाकीच्यांनी पुढे जायचं की थांबायचं हे आधी ठरवा, यावरून आमच्याकडे सिनेमापेक्षा जास्त भांडणं झालीत. आमचं आता ठरलंय, पंधरा मिनिटं थांबायचं, नाही आली तर तो उरलेला सिनेमा नंतर एकटा बघणार आणि तोपर्यंत कोणी शेवट फोडणार नाही.

बघून झाल्यावर "कसा वाटला?" विचारू नका, "भारी" असं उत्तर येतं आणि विषय संपतो. नेमकं विचारा, तो नाग कशाचा केला असेल, ती विशीतली पोरगी आता कितीची असेल, शफीकच्या जागी तू असतास तर सुपरमॅन झाला असतास का. नाही आवडला म्हणाला तर समजवत बसू नका, पुढचा सिनेमा त्याला निवडू द्या आणि तो जे काय पाठवेल ते शेवटपर्यंत बघा, भले अडीच तासांचा का असेना. बोटीवरच्या मित्राला पाठवलेली फाइल मात्र लगेच डिलीट करू नका, त्याचा मेसेज बंदराला लागल्यावर येतो आणि त्याला हमखास परत पाठवावी लागते.