डबा स्मारकात नको, स्मारकापासून लांब

जिओकॅश म्हटलं की आमच्या सोसायटीत पहिला प्रश्न ठरलेला: "किती कॅश ठेवलीय?" एक रुपयाही नाही. एक डबा, त्यात छोटी वही आणि तो कुठे आहे हे सांगणारे अक्षांश-रेखांश. शोधणाऱ्याने वहीत नाव-तारीख टाकायची आणि डबा होता तिथे ठेवून निघायचं. 2 मे 2000 ला अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमध्ये एकाने बादली लपवली. तिथून हा खेळ सुरू झाला. मी पाटबंधारे खात्यात 31 वर्षं सर्व्हेची कामं केली, पण हा नाद नातीने लावला.

आमची कॅश खडकीच्या युद्ध दफनभूमीवर बेतलेली आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या 1,668 जणांच्या कबरी आहेत. सगळे खडकीत वारले असं नव्हे. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या ज्या कबरींची कायमची देखभाल होणं कठीण होतं, त्या इथे आणल्या. शिवाय पहिल्या महायुद्धाचं स्मारक. भारतात वारलेल्या आणि आता कबर नीट राखता येत नाही अशा 1,800हून जास्त सैनिकांची नावं त्यावर आहेत. रोज बाहेरून गाडी हाकणाऱ्या किती पुणेकरांना हे ठाऊक आहे? मला साठीपर्यंत नव्हतं.

पण म्हणून डबा आत ठेवायचा नाही. ती कबरस्तानाची जागा आहे. दगडांमागे हात घालून कोणी चाचपत बसावं हे शोभत नाही. दुसरं कारण अगदी पुण्याचं. 13 फेब्रुवारी 2010 ला जर्मन बेकरीत बेवारस बॅगेचा स्फोट झाला, तेव्हापासून चिकटपट्टी लावलेला डबा दिसला की माणूस आधी पोलिसांना फोन लावतो आणि बरोबर करतो. त्यात खडकी म्हणजे लष्करी हद्द, दारूगोळा कारखाना. फोटोबंदीचा फलक दिसला की मोबाइल खिशात.

तेव्हा स्मारकावर फक्त वाचायला लावा आणि वाचलेल्या आकड्यांवरून डब्याची जागा काढू द्या. डबा मात्र खेळाच्या नियमांप्रमाणे ठेवायला हवा. दुसऱ्या कॅशपासून 161 मीटर लांब हवा आणि खड्डा खणून पुरायचा नाही. आमचा एका ओळखीच्यांच्या रोपवाटिकेत आहे, मालकांची परवानगी घेऊन.

स्मारकावरचं कोणतं उत्तर अक्षांश-रेखांशातल्या कोणत्या आकड्यासाठी नेमायचं, इथेच बहुतेक जण घसरतात. पुण्यात अंश 18 आणि 73 हे सगळ्यांनाच माहीत. खेळ असतो मिनिटांच्या (म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्या) दशांशांत. अक्षांशाच्या मिनिटाचा तिसरा दशांश म्हणजे साधारण 1.85 मीटर, दुसरा 18.5, पहिला 185. म्हणून ज्या उत्तराची पक्की खात्री ते पहिल्या दशांशात, मोजताना इकडेतिकडे होऊ शकेल ते शेवटी. आणि प्रश्न कोरलेल्या मजकुरातूनच काढा: साल, ओळींची संख्या, एखाद्या शब्दातली अक्षरं. मी शहाणपणा करून दुसऱ्या दशांशासाठी कुंड्या मोजायला लावल्या होत्या. माळीदादांनी सातातल्या दोन हलवल्या आणि एक जोडपं 37 मीटर चुकून शेजारच्या बंगल्याच्या फाटकात उभं! आत कुत्रं होतं. त्यांनी वहीत काय लिहिलंय ते इथे देत नाही.

तेव्हापासून प्रश्नांखाली ताळा देतो: सगळ्या उत्तरांची बेरीज अमुक यायला हवी. एखादा आकडा चुकला तर लगेच कळतं. दोन आकड्यांची अदलाबदल झाली तर मात्र ताळा गप्प बसतो, हे लक्षात ठेवा.

डब्याच्या जागेचं मोजमाप एकदाच घेऊ नका. झाडाखाली मोबाइल भरकटतो. मी तीन वेगवेगळ्या दिवशी दहा-दहा वाचनं घेतली आणि सरासरी काढली. नात म्हणाली, "आजोबा, धरण बांधताय का?"

डबा चारही बाजूंनी खटके असलेला, झाकणाला रबर असलेला आणि पारदर्शक घ्या, म्हणजे आत वहीच आहे हे बाहेरून दिसतं. सौ.ने दिलेला स्टीलचा डबा जुलैत अर्धा भरला होता. वही झिपच्या पिशवीत ठेवा, सोबत औषधाच्या बाटलीतली सिलिका जेलची पुडी. पेन नको, पेन्सिल. ओलीत शाई पसरते. खाऊ अजिबात नको, मुंग्या आपल्याआधी शोधतात. झाकणावर आमची पाटी आहे: "हा खेळाचा डबा आहे. उघडून बघा, बंद करून ठेवा. झाकण नीट न लावणाऱ्यास वही सुकवायला बोलावण्यात येईल."

जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी जाऊन उघडून बघा. रबराच्या खाचेत मातीचा कण अडकला असेल तर जुन्या दातांच्या ब्रशने काढा.