डिप मिळाला, पण चुकीचा

दोन ८०७ व्हॉल्व (काचेच्या रेडिओ नळ्या) समांतर जोडून हॅम रेडिओच्या चाळीस मीटर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झ बँडसाठी लिनियर, म्हणजे ट्रान्समीटरची ताकद वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर, बनवला होता. प्लेटला ६०० व्होल्ट. ट्यून कपॅसिटर फिरवला की प्लेट करंट झकास खाली यायचा (हाच डिप), म्हणून रेझोनन्स सापडला, म्हणजे सर्किट बँडच्या फ्रिक्वेन्सीवर जुळलं, असं मी धरून चाललो. पण डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडलेल्या रेझिस्टरवर) जेमतेम १० वॅट, आणि अर्ध्या मिनिटात दोन्ही प्लेट्स मंद लाल. ८०७ ची प्लेट २५ वॅट पचवते, त्यापुढचं सगळं तिला भाजत होतं.

दोन रात्री ड्राइव्ह (आत येणारा सिग्नल), बायस (ग्रिडचं व्होल्टेज), सोल्डर तपासण्यात घालवल्या. व्हॉल्वच मेले असं समजून मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार, लॅमिंग्टन रोड, गाठायच्या तयारीत होतो. मग दिसलं, डिप येतो तेव्हा कपॅसिटरच्या पात्या जवळजवळ पूर्ण बाहेर असतात. चाळीस मीटरला एवढी कमी कपॅसिटी? टँक, म्हणजे कॉइल-कपॅसिटरचं ट्यून होणारं सर्किट, १४ मेगाहर्ट्झवर, म्हणजे दुसऱ्या हार्मोनिकवर (दुप्पट फ्रिक्वेन्सीवर) जाऊन बसला होता!

ड्राइव्ह कमी केला. ट्यून आणि लोड (आउटपुटकडचा कपॅसिटर), दोन्हींच्या पात्या पूर्ण आत. मग ट्यून हळूहळू उघडत पहिला येईल तोच डिप धरला. लोड जरासा उघडला की करंट चढतो, पुन्हा ट्यूनने डिप. असं चार-पाच वेळा, आणि एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त कॅरिअर (सलग सिग्नल) नाही. डिप उथळ होत गेला, ड्राइव्ह वाढवल्यावर वॅटमीटर ६५ वर, प्लेट्स काळ्याच.

हो, झाकण उघडण्याआधी दर वेळी प्लग काढून फिल्टर कपॅसिटर दांडीने शॉर्ट केले. एकदा बोट लागून झटका बसलाय.