अर्ध्या इंचाचा टॅप आण

आयटीआयला फिटर केलं औंधला, नंतर भोसरीत एका छोट्या शॉपमध्ये लागलो, तेव्हाचं सांगतो. नवीन पोरांसाठी लिहितोय, कारण एकाच नावाच्या, एकाच मापाच्या वस्तू वेगवेगळ्या निघतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर मी तेव्हा मागच्या बाकावर होतो.

तिसऱ्याच दिवशी मामा (सीनियर फिटर, अख्खं शॉप त्यांना मामाच म्हणायचं) म्हणाले, अर्ध्या इंचाचा टॅप आण आणि त्या प्लेटला आटे पाड. टॅप म्हणजे इथे नळ नाही, भोकात आटे पाडायचं हत्यार, एवढं कळत होतं, त्यामुळे जाम कॉन्फिडन्समध्ये स्टोअरमधून आणला, भोक मारलं, आटे पाडले आणि पाण्याच्या लाईनचं निपल (आटे असलेला पाईपचा छोटा तुकडा) बसवायला गेलो तर ते तोंडावरच अडलं. मी बोल्टचा टॅप आणला होता, 12.7 मिमीचा, इंचाला 12 आटे. पाईपचा अर्धा इंची टॅप जवळजवळ 21 मिमीचा असतो आणि इंचाला 14 आटे. भोक लहान पडलं म्हणून वाचलो, उलटं झालं असतं तर प्लेट भंगारात.

मग प्रश्न पडतोच की यात अर्धा इंच आहे कुठे? जीआय पाईप मोजा, बाहेरून 21.3 मिमी, आतून साधारण 16. कुठेच नाही! ते नुसतं नाव आहे, आतल्या भोकावरून पडलेलं.

यानंतरही अक्कल आली नाही. घरच्या कामासाठी पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत गेलो, म्हटलं अर्धा इंची एल्बो (पाईप वळवायचा जोड) द्या. दुकानदार म्हणाला कशातला, मी म्हटलं प्लास्टिकचा द्या की कुठलाही. प्लास्टिकच्या पाईपातही प्रकार असतात: घरी सीपीव्हीसीची लाईन, बाहेरून 15.9 मिमी, आणि मी आणलेला एल्बो यूपीव्हीसीचा, 21 मिमीच्या पाईपचा. नुसता डुगडुगत होता. परत बस, परत रविवार पेठ.

युनियनचा किस्सा तर वेगळाच. मामा मोठ्याने म्हणाले, इथे युनियन टाकलीच पाहिजे, आणि मी घाबरून मालकाच्या केबिनकडे बघितलं. पाईपची युनियन म्हणजे मधला खोलता येणारा जोड, पुढेमागे लाईन उघडायची वेळ आली तर सगळे पाईप फिरवत बसावं लागत नाही.

बाकी सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, चार सूत म्हणजे अर्धा इंच, पण जोड गळू नये म्हणून आट्यांवर सफेदा (पांढरा लेप) लावून दोरा गुंडाळतात त्यालाही सूत म्हणणारे भेटतील. गेज म्हणजे प्रेशरचा काटा आणि पत्र्याची जाडीपण, त्यात नंबर वाढला की पत्रा पातळ, हे डोक्यात बसायला मला महिना लागला. 10 मिमीच्या बोल्टला 17 चा पाना लागतो कारण बोल्टचा नंबर आट्यांच्या भागाच्या जाडीचा आणि पान्याचा नंबर डोक्याच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधल्या अंतराचा. (काही बोल्टना 16 चाही लागतो, तेव्हा लावून बघा.)

आता दुकानात जाताना मी जुना तुकडाच खिशात टाकून नेतो.

मामा रिटायर झालेत. मागच्या महिन्यात त्यांचा फोन, येताना अर्ध्या इंचाचा टॅप आण रे. मी लगेच विचारलं, मामा, बोल्टचा का पाईपचा?

म्हणाले, अरे नळ, बाथरूमचा गळतोय.