बुरख्यावर चर्चा ठेवताय? मग हे वाचा

फोंड्यातल्या आमच्या महिला मंडळात हा विषय निघाला की सगळ्या आधी व्याख्याता शोधायला धावतात. आधी शेजारणींना विचारा. बुरखा घालणारी, सोडलेली, कधीच न घातलेली, अशा तिघी तरी हव्यात. एकटीलाच बोलावलंत तर ती बिचारी अख्ख्या समाजाची वकील होऊन बसते. वेळ मगरीबच्या (सूर्यास्तानंतरच्या) नमाजाला आडवी येऊ देऊ नका.

सुरुवातीलाच कपडे वेगळे करा. हिजाबात चेहरा उघडा असतो, नकाबात फक्त डोळे दिसतात. फ्रान्समध्ये 2011 पासून लागू असलेला कायदा चेहरा झाकण्यावरच्या बंदीचा. कर्नाटकातला 2022 चा वाद वर्गातल्या हिजाबचा. तिथे मार्चमध्ये उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. एवढं फळ्यावर लिहून ठेवलं की निम्मं भांडण तिथेच मिटतं.

‘मुसलमान बायका बोलतच नाहीत’ असं कुणीतरी म्हणणारच. तेव्हा 1966 चा मुंबईतला मोर्चा सांगा: समाजसुधारक हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम बायका तोंडी तलाकविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या.

पुरुषांना माइक शेवटी द्या. (आधी दिलात तर सभा संपली म्हणून समजा.) चहाच्या वेळी बाजूची खोली मोकळी ठेवा, नाहीतर नकाबवाली भिंतीकडे तोंड करून, एका हाताने कापड उचलत कप ओठांना लावते. फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, ग्रुपवर तर मुळीच टाकायचे नाहीत.