ट्रेकला न्यायचे शेंगदाणा लाडू, पोरांच्या हातचे

पवनाला टेंटमध्ये राहायला जायचं किंवा राजमाचीला चालत, पोरांना दर अर्ध्या तासाला भूक लागतेच आणि चॉकलेट तर बॅगेत वितळून जातं, म्हणून आम्ही आदल्या दिवशी लाडू करतो.

2 वाट्या शेंगदाणे मंद गॅसवर खमंग भाजा (हे काम आपलं), गार झाले की ताट पोरांपुढे सरकवा, चोळून सालं काढायची आणि फुंकर मारून उडवायची, घरभर पसारा होतो पण हीच त्यांची खरी मजा, त्यामुळे हे गॅलरीत करा. मग पाऊण वाटी चिरलेला गूळ, चिमूटभर वेलची टाकून मिक्सर थांबत थांबत फिरवा, सलग नको, नाहीतर फार तेल सुटून गोळाच होतो. तूप लागतच नाही. लिंबाएवढे लाडू पोरांनाच वळू द्या, वाकडेतिकडे झाले तरी चालतंय की.

तिखट काही हवं तर भडंग. मात्र अगदी लहानग्यांना अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात. आणि डबा स्टीलचाच घ्या, गडावरची माकडं प्लास्टिकची पिशवी बघितली की थेट हातातून ओढतात.